पिक्चरमधलं वाक्य

हॉस्पिटलात सगळे त्यांना मामा म्हणत. तसे तिथे मामा पुष्कळ होते. एक्स-रेचे मामा, लिफ्टचे मामा, ऑपरेशन थिएटरचे मामा. पण कोणी आवाज खाली आणून नुसतं "मामांना कळवा" म्हणालं, की ते कोणत्या मामांबद्दल आहे हे शिपायापासून अधीक्षकांपर्यंत सगळ्यांना कळे. तळमजल्यावर मागच्या अंगाला, लाँड्रीच्या पलीकडे शवागार होतं. तिथे या मामांनी एकवीस वर्षं काढली.

काम ठरलेलं. देह आला की अंगठ्याला चिठ्ठी बांधायची, वहीत नोंद करायची आणि थंड कपाटात ठेवायचा. नातेवाईक आले की बाहेर काढायचा. डॉक्टरीणबाई शवविच्छेदनाला आल्या की त्यांच्या हाताखाली उभं राहायचं, आणि त्यांचं झालं की शिवून, धुऊन, गुंडाळून माणूस पुन्हा माणसासारखा करून द्यायचा. मामांचे टाके बघून डॉक्टरीणबाई म्हणत, "मामा, तुम्ही टेलर व्हायला हवं होतं." मामा म्हणत, "इथंच बरं आहे बाई. फिटिंगची तक्रार नाही."

या कामातली बहुतेक माणसं पितात. मामा पीत नव्हते, त्यामुळे त्यांना या कामातलेही मित्र नव्हते. घरी बायको होती. लग्न झालं तेव्हा ते वॉर्डात होते. पुढे बदली होऊन खाली आले, आणि ती बिचारी त्यांच्याबरोबर मनानं खाली येऊ शकली नाही. शेजारीपाजारी ती सांगायची, हे स्टोअरमध्ये असतात. मामा हॉस्पिटलात आंघोळ करून निघत, घरी येऊन परत करत, तरी ती त्यांच्या हातून काही घेत नसे. कपबशी परत द्यायला गेले की म्हणायची, "ठेवा ना खाली." आवाजात राग नसे. मामा खाली ठेवत. अठरा वर्षं ठेवत आले.

कादंबरी दिली ती डॉक्टरीणबाईंनी. एका दुपारी त्यांनी ती मामांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "वाचा. तुमच्यावर आहे." मामा सातवी शिकलेले. वर्तमानपत्र वाचायचे, ते बहुधा त्यात काही गुंडाळायच्या आधी. एवढं जाड पुस्तक त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. बाईंनी एका पानात खुणेला केसपेपरचा तुकडा घातला होता, म्हणून त्यांनी सुरुवात तिथूनच केली.

गोष्ट एका पोस्टमनची होती. त्याचा मुलगा घरातून निघून जातो आणि बाप नऊ दिवस त्याला शोधत फिरतो. स्टेशन, पोलीस चौकी, मुलाचे मित्र, एक-एक हॉस्पिटल. नवव्या दिवशी तो शवागारात येतो. तिथला माणूस सबंध प्रकरणात तीन वाक्यं बोलतो. "या." मग, "पायरी आहे." आणि शेवटी, "हाच का?" बाप मान हलवतो. माणूस चादर परत ओढतो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे बापाला वाटेल तितका वेळ मिळावा. बस. पुढचं प्रकरण पोस्टमनच्या घरी सुरू होतं.

मामांनी पुस्तक मिटलं, उठले आणि आपल्या दारातली पायरी बघून आले. आत शिरताना ती एक पायरी खाली होती आणि येणारा प्रत्येकजण तिथे ठेचकाळायचा. वर्षानुवर्षं तेही तेच दोन शब्द बोलत होते. लेखक कधीतरी इथे येऊन गेला असावा, अशी त्यांची खात्रीच पटली. शवागारातला माणूस म्हणजे दारुडा किंवा भुताखेताच्या गोष्टीतला कुबड्या, हेच त्यांनी आजवर ऐकलं होतं. या पुस्तकातला माणूस कामावर होता आणि काम नीट करत होता. आपल्यावर कोणीतरी नजर टाकली आणि ती लगेच फिरवली नाही, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. संपायला चार महिने लागले. त्यानंतर दरवर्षी एकदा ते पुस्तक वाचून काढायचं, हा नेम झाला.

सहा वर्षांनी त्यावर पिक्चर आला. मामा बायकोला घेऊन गेले. तिला पुस्तकाबद्दल काही ठाऊक नव्हतं, रडका पिक्चर आहे एवढंच शेजारणीकडून कळलं होतं.

शवागाराचा प्रसंग आला तसे मामा खुर्चीत सावरून बसले. पडद्यावर पायरी नव्हती. बाप आत येतो, मुलाला बघतो आणि कोसळतो. शवागारातला माणूस त्याला धरतो, खिशातून स्वतःचा रुमाल काढतो, मुलाच्या कपाळावरची धूळ टिपतो आणि बापाला म्हणतो, "तुमचा मुलगा एकटा नव्हता. शेवटपर्यंत मी होतो जवळ." मागे सारंगी वाजते. थिएटरात एकही डोळा कोरडा राहिला नाही. पुरुष खाकरत होते, बाया पदर तोंडात धरून हुंदके देत होत्या.

मामांना पहिलं वाटलं ते हे की असं होत नसतं. रुमालानं टिपायला परवानगी नाही. पोलिसांचा पंचनामा व्हायचा असतो. आणि दिवसाकाठी पाच-सहा घरांची माणसं येतात, प्रत्येकाबरोबर असं मोडून पडलं तर माणूस आठवडाभर टिकायचा नाही. हे सगळं त्यांना कळत होतं आणि तरी ते रडत होते.

परतताना बसस्टॉपवर बायकोनं विचारलं, "तुम्ही पण असंच करता?"

नाही म्हणायला हवं होतं. मामा म्हणाले, "हं."

दुसऱ्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर तिनं हात पुढे केला आणि त्यांच्या हातातून कप घेतला. कुठल्याही समारंभाशिवाय. मामा रिकाम्या हाताकडे बघत राहिले.

म्हणून तो पिक्चर त्यांनी आणखी तीनदा पाहिला. डॉक्टरीणबाईंना तो मुळीच आवडला नव्हता. त्या म्हणाल्या, चांगल्या पुस्तकाचा पार साखरेचा पाक केलाय, लेखकानं कोर्टात जायला पाहिजे. मामांनी वाद घातला नाही. घरात दोन भाऊ असावेत, एक घुमा आणि एक बोलघेवडा, आणि आईचा जीव दोघांवर सारखाच असावा, तसं त्यांचं झालं होतं. पुस्तकानं त्यांची स्वतःशी ओळख करून दिली होती. पिक्चरनं त्यांची ओळख बायकोला करून दिली होती. त्यातली दुसरी खोटी होती, हे खरं. पण कप तर हातातून गेला होता.

मग तो मुलगा आला.

एकोणीस वर्षांचा. मोटारसायकलला मागून ट्रकनं उडवलं होतं. पहाटे पोलिसांनी आणला तेव्हाच गेलेला होता. अपघात विभागात एक तरुण डॉक्टर ड्युटीवर होता, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेला. त्यानं तपासलं, आणला तेव्हाच मृत अशी नोंद केली आणि देह खाली पाठवला. अकराच्या सुमाराला आई आली. बाई विधवा, बेकरीत कामाला. कामावरूनच उठून आली होती. कोपरापर्यंत पीठ तसंच होतं. बरोबर तिचा दीर होता.

"या," मामा म्हणाले. "पायरी आहे."

ती ठेचकाळली नाही. सरळ चालत गेली, चादर बाजूला झाल्यावर बघितलं आणि म्हणाली, "हाच." मामा नेहमीप्रमाणे भिंतीकडे वळले. मागून रडण्याचा आवाज येईना. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कोणी होतं का याच्याजवळ?"

असं पूर्वीही लोकांनी विचारलं होतं. काहींनी ओरडून, काहींनी स्वतःशीच. मामा गप्प राहत. त्या दिवशी काय झालं हे त्यांना पुढे कधीही नीट सांगता आलं नाही. ते वळले, तिच्या पिठाच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "मी होतो. एकटा नव्हता तो. शेवटपर्यंत मी होतो जवळ."

तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मग ती धाय मोकलून रडली. दीरही रडला. जाताना त्यानं मामांना वाकून नमस्कार केला. त्या दिवशी मामांना जेवण गोड लागलं. त्यांनी बायकोला सांगितलं, आज एका बाईला जरा धीर देता आला.

दिवसकार्य आटोपल्यावर दीराच्या मनात हिशेब सुरू झाला. माणूस साधा होता, लबाडी त्याच्या अंगात नव्हती. पण कागदावर लिहिलं होतं, आणला तेव्हाच मृत. आणि शवागारातला माणूस म्हणत होता, शेवटपर्यंत जवळ होतो. शेवट जर हॉस्पिटलात झाला, तर पोरगं इथे येईपर्यंत जिवंत होतं. जिवंत होतं तर मग उपचार का केले नाहीत? त्यानं अर्ज दिला. पेपरात बातमी आली. बेकरीतली माणसं आणि मुलाचे मित्र अपघात विभागात शिरले, आरडाओरडा झाला, कोणीतरी खुर्ची भिरकावली. ती त्या तरुण डॉक्टरच्या भुवईवर लागली. त्याला टाके पडले, आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायचा हुकूमही दुसऱ्या दिवशी हातात पडला.

मामांच्या एका वाक्यात सगळं मिटलं असतं. ते वाक्य बोलायला त्यांना अकरा दिवस लागले. नोकरीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती त्या आईची होती. तिला जे दिलं ते परत मागायला जायचं, म्हणजे काय तोंडानं? रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. दुपारी कोणीतरी येऊन पायरीवर ठेचकाळायचं आणि दिवस निघून जायचा.

बाराव्या दिवशी त्यांनी बायकोला सांगितलं. ती कपड्यांना इस्त्री करत होती. सगळं ऐकून घेऊन तिनं इस्त्री उभी ठेवली.

"म्हणजे तुम्ही तसं करत नाही," ती म्हणाली.

मामांनी मान हलवली.

"बसस्टॉपवर मी विचारलं होतं."

"हो."

तिनं शर्टाची बाही उलटली, पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, "आधी त्या पोराचं बघा. टाके पडलेत त्याला. जाऊन सांगा."

चौकशी अधीक्षकांच्या खोलीत झाली. अधीक्षक, डॉक्टरीणबाई, जबाब उतरून घेणारा कारकून, भुवईवर पट्टी लावलेला तरुण डॉक्टर, आणि समोर आई नि दीर. मामांना बसायला सांगितलं, ते उभेच राहिले. त्यांनी सांगितलं की मुलगा आणला तेव्हा गेलेलाच होता. अंग थंड होतं. आपण जवळ होतो हे आपण आपल्या मनानं बोललो.

"असं कसं मनानं बोललात?" अधीक्षकांनी विचारलं.

"पिक्चरमध्ये आहे साहेब. ते वाक्य."

कारकुनाचा हात थांबला. हे लिहायचं की नाही, म्हणून त्यानं वर पाहिलं. दीराच्या तोंडून हसल्यासारखा एक आवाज निघाला, तो हसणं नव्हतं. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"कुठला पिक्चर?" आईनं विचारलं.

मामांनी नाव सांगितलं.

"मी नाही बघितला," ती म्हणाली. तिनं थोडा विचार केला. "म्हणजे तो एकटाच होता."

उत्तर आपणच द्यायचं आहे हे मामांच्या लक्षात आलं.

"हो," ते म्हणाले.

तरुण डॉक्टरला कामावर परत घेतलं, पण त्याचं मन उडालं होतं. तीन महिन्यांत तो नोकरी सोडून गेला. जाण्यापूर्वी तो मामांना जिन्यात भेटला तेव्हा मामांनी हात जोडले. त्यानं मान वळवली आणि दोन-दोन पायऱ्या करत वर गेला. मामांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची बदली चादरींच्या स्टोअरला झाली. बायकोचं शेजारणींना सांगितलेलं खोटं असं अखेर खरं झालं. ती कप हातातून घेत राहिली, तेवढी सवय मोडली नाही. पण तो पिक्चर टीव्हीवर लागला की उठून आत जायची, आणि दिवस कसा गेला हे तिनं परत कधी विचारलं नाही. शवागारात नवा माणूस आला. तो प्यायचा. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, टाके बघवत नाहीत मामा.

पाच महिन्यांनी ती आई स्टोअरच्या दारात उभी होती. मामा चादरींचे गठ्ठे फळीवर लावत होते. ओरडायला आली असेल तर ओरडू दे, म्हणून ते हातातलं काम टाकून उभे राहिले.

"मी बघितला तो पिक्चर," ती म्हणाली. "बहिणीकडे, टीव्हीवर."

मामा दाराजवळ आले.

"चांगला आहे. खूप रडले मी. तो रुमालवाला माणूस चांगला आहे हो." मग म्हणाली, "बहीण सांगत होती, याचं पुस्तक पण आहे."

मामांनी ड्रॉवरमधून पुस्तक काढून दिलं. सांगितलं की यात तो माणूस विशेष काही बोलत नाही, रुमालही नाही. ती पुस्तक पिशवीत घालून गेली. परत येईल असं मामांनी धरलं नव्हतं, पण महिन्याभरानं ती आली. पुस्तकाला तिनं बेकरीच्या ब्राऊन कागदाचं कव्हर घातलं होतं.

ती एका गठ्ठ्यावर बसली. म्हणाली, सगळं नाही वाचून झालं, डोळे दुखतात. पण तुमच्या खोलीतलं तेवढं चार वेळा वाचलं. "यात बरोबर लिहिलंय. असंच होतं तिथे. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत, ते मी बघितलं होतं."

"हो."

"मग मीच विचारलं. नसतं विचारलं तर तुम्ही बोलला नसता." तिनं कव्हरची एक कड बोटानं दाबली. "पण खरं सांगू? झोपायला गेले की मला तो रुमालवालाच आठवतो. खोटा आहे हे माहीत असून."

"मलाही," मामा म्हणाले.

लाँड्रीच्या यंत्रांचा आवाज भिंतीतून येत होता.

"आता काय झालं ते सांगा," ती म्हणाली. "पुस्तकातलं नको आणि पिक्चरमधलं पण नको. मी ऐकते."

मामांनी सांगितलं. सहाला ट्रॉली खाली आली. एका पायात बूट होता, दुसरा नव्हता. डोक्याच्या मागे लागलेलं होतं, चेहऱ्याला काही झालं नव्हतं. हात छातीखाली दुमडला होता, तो सरळ केला. चिठ्ठी बांधली. खिशात किल्ली आणि कंगवा होता, ते पोलिसांकडे दिले. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, जणू घरी न्यायच्या वस्तूंची यादी ऐकत होती.

"आणि डोळे?" तिनं विचारलं. "मी आले तेव्हा मिटलेले होते."

मामा थांबले. खोटं बोलायची संधी पुन्हा एकदा समोर उभी होती, आणि या वेळी कोणी अर्ज करणार नव्हतं.

"उघडे होते," ते म्हणाले. "मी मिटले. लगेच मिटत नाहीत. बोटं ठेवून थांबावं लागतं."

"किती वेळ?"

"दोन-तीन मिनिटं. जास्तच लागला असेल."

"तेव्हा काही बोललात त्याच्याशी?"

मामांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही. काही नाही बोललो."

"हे साहेबांपुढे का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही. आणि ते काही वेगळं नाही. सगळ्यांचेच मिटावे लागतात."

"सगळ्यांचे," ती म्हणाली.

तिनं पुस्तक गठ्ठ्यावर ठेवलं, आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्या हातांकडे बघत राहिली. रडली नाही. धुतलेल्या चादरींची ढकलगाडी घेऊन लाँड्रीचा माणूस दारात आला आणि वाट मोकळी होण्याची वाट बघू लागला. ती बसली होती तिथूनच गाडी आत यायची होती. मामांनी त्याला हातानं खूण केली, जरा थांब. तो गाडीच्या दांड्यावर रेलून उभा राहिला.